दोन नार्व्यांमधली मांडवी

मांडवीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावं समोरासमोर आहेत. एक नार्वे आमच्या डिचोली तालुक्यात, दुसरं पलीकडे दिवाडी बेटाच्या टोकाला, तिसवाडीत. मधे फेरीबोटीची काही मिनिटं. गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळचा पलीकडचा. गेली साडेचारशेहून अधिक वर्षं तो अलीकडे नांदतो आहे. पलीकडे त्याचं तळं राहिलं, थोडे चिरे राहिले आणि गावाचं नाव राहिलं.

साखळीच्या माणसाला अलीकडचं नार्वे परकं नाही. डिचोली ओलांडली की मये, मयेचं तळं, मग उतार, पोफळीची कुळागरं आणि देऊळ. गोकुळाष्टमीला ही वाट माणसांनी भरून जाते. पंचगंगेच्या, म्हणजे इथल्या मांडवीच्या, तीरावर स्नान करायचं, ओलेत्याने देवाला जायचं, जत्रेत मुलांना काहीतरी घेऊन द्यायचं आणि घरी परतायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण देवळापासून खाली धक्क्यावर उतरून, फेरीबोटीत चढून देवाच्या जुन्या घराकडे जाणारे मात्र मोजकेच. यंदा पाऊस ओसरता ओसरता मी ती वाट पुढपर्यंत चाललो.

तरी सुरुवात अलीकडूनच करायला हवी, कारण देव इथे आहे.

नार्व्याचं देऊळ लहान आहे. फोंडा महालातल्या देवस्थानांचे प्रशस्त सभामंडप, तलाव, नगारखाने डोळ्यांपुढे ठेवून कुणी इथे आला तर त्याला ते ठेंगणं वाटेल. उतरतं कौलारू छप्पर, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, समोर दीपस्तंभ, बाजूला काळभैरवाची घुमटी आणि तिच्याबाहेर दगडात कोरलेल्या पादुका. मागे डोंगराचा जांभा तासून केलेली जागा, जिथे पावसाळ्यानंतरही बराच काळ ओल टिकते. देव पळवून आणला तेव्हा आधी अशाच आडोशाला ठेवला होता, असं सांगतात, आणि ती जागा पाहिली की ते सहज पटतं. आतलं लिंग धारालिंग आहे, त्याच्या अंगावर उभे पैलू आहेत. सप्तर्षींनी सात कोटी वर्षं तप केलं, तेव्हा शंकर प्रसन्न झाले आणि ऋषींनी सात धातूंचं लिंग घडवलं, अशी पुराणातली कथा. गोव्याच्या राज्य पुरातत्त्व खात्याने या देवळाचं जतनकाम केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुलं झालं. काम करताना देवळाचा ठेंगणेपणा जपला, त्याला भव्य करण्याचा मोह टाळला, याबद्दल त्या कारागिरांचे आभार मानायला हवेत.

दारावर एक छोटा शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार या दिवशी शिवरायांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला आरंभ झाला, एवढंच तो सांगतो. म्हणजे नोव्हेंबर १६६८. देवळात आलेला प्रत्येक जण मान वर करून तो वाचायचा प्रयत्न करतो आणि बरेचसे फक्त शिवरायांचं नाव ओळखून समाधानाने आत जातात. मला त्यातली तारीख थांबवते. बरोबर एक वर्ष आधी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, महाराजांचं सैन्य बार्देशात शिरलं होतं; डिसेंबरात पोर्तुगीजांशी तह झाला. त्या काळी नार्व्याच्या धक्क्यावर मराठ्यांचा मुलूख संपत होता आणि समोरच्या काठावर पोर्तुगीजांचा सुरू होत होता. धक्क्यावर उभं राहिलं तर शत्रूचं बेट दिसावं, इतक्या जवळ महाराजांनी हे देऊळ बांधायला काढलं. धर्मकार्य तर ते होतंच; पण सरहद्दीवर, समोरच्याला दिसेल असं ते उभं केलं, यात मला राजकारणाची स्वच्छ जाण दिसते. पंधरा वर्षांनी, २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री, संभाजी महाराजांच्या माणसांनी याच पाण्यातलं शेजारचं जुवें बेट घेतलं. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला आलेला पोर्तुगीज विजरई, आल्व्होरचा काउंट, मार खाऊन कसाबसा सुटला. राजधानी आता वाचत नाही असं वाटून त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. दिवाडी, जुवें, नार्वे ही नावं आज शांत वाटतात. तेव्हा ती लढाईची आघाडी होती.

आता मागे जाऊ. अकराव्या शतकात कदंबांनी आपली राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदर गावाहून, जुवारीच्या मुखाजवळ गोपकपट्टणला हलवली. त्यांची गलबतं अरबी समुद्रात व्यापार करत होती. अशा दर्यावर्दी राजांनी आपला कुलदेव नदीच्या बेटावर ठेवावा, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. शिवचित्त परमाडिदेव बाराव्या शतकाच्या मध्यात गादीवर आला. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. राजाच्या बिरुदात देवाचं नाव, नाण्यावर देवाचं नाव. दिवाडीच्या त्या देवळाचं वैभव काय असेल याची कल्पना या नाण्यांवरूनच करावी लागते, कारण वास्तू उरली नाही. कदंबकाळचं धड अवस्थेतलं दगडी देऊळ म्हणून आज गोव्यात तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ दाखवतात. घनदाट रानामुळे ते वाचलं. दिवाडी राजमार्गावर होती.

चौदाव्या शतकाच्या मध्यात बहामनी फौजा आल्या आणि देऊळ पहिल्यांदा पडलं. लिंग शेतात पुरून ठेवलं गेलं. शतक सरता सरता विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा घेतला आणि देवाची पुन्हा स्थापना केली. दीडशे वर्षं तशी गेली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा कायमचा घेतला. त्याची राजधानी दिवाडीच्या अगदी समोर, नदीच्या दक्षिण काठावर वाढली. विजरईच्या कमानीपासून आज फेरीबोट सुटते ती दिवाडीलाच जाते. राजधानीच्या इतक्या नजीक असलेली तीर्थक्षेत्रं टिकणं अवघडच होतं. १५४० पासून तिसवाडीतली देवळं पाडली गेली, पुढच्या वर्षी देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्च आणि चॅपेलांच्या खर्चाला लावण्यात आलं. सप्तकोटेश्वराच्या जागी कांदेलारियाच्या सायबिणीचं चॅपेल उभं राहिलं. लिंगाचा दगड विहिरीच्या रहाटाला आधार म्हणून बसवला होता, असं परंपरा सांगते. तिथून तो काढून भाविकांनी रात्री होडीतून पैलतीरी आणला. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. नव्या गावाने जुनं नाव घेतलं.

त्या रात्री होडीत कोण होतं, हे कुठे नोंदलेलं नाही. माझ्या मनात मात्र ती माणसं सगळ्यात जास्त रेंगाळतात. राजा नव्हे, मंत्री नव्हे. कुणी गावकर, कुणी पुजारी, कुणी होडी वल्हवणारा. पकडले गेले असते तर घरदार गेलं असतं. चोडणचा देवकीकृष्ण असाच आधी मयेला आणि मग माशेलला गेला. दिवाडीचा गणपती फिरत फिरत खांडोळ्याला स्थिरावला. साष्टीचे देव जुवारी ओलांडून फोंडा महालात गेले. गोव्याच्या नद्यांनी त्या काळात एवढे देव वाहून नेले की आमच्याकडच्या अनेक देवस्थानांना दोन गावं आहेत, एक पूजेचं आणि एक आठवणीचं.

फेरीबोटीतून उतरलं की दिवाडीत पहिल्यांदा जाणवते ती मोकळीक. बेटाला पूल नाही. काठाने खारफुटी, तिच्या आत बांध, बांधाच्या आत खाजन शेतं. भरतीचं खारं पाणी अडवायला आणि ओहोटीला आतलं पाणी सोडायला लाकडी दारांची मानस. ही व्यवस्था कदंबांच्याही आधीची असावी असं जाणकार मानतात. खारं पाणी सोसणारं कोरगुट भात इथल्या मातीचंच. देवळं पडली, राज्यं गेली, बांध मात्र दर वर्षी कुणीतरी बांधत राहिलं. गावकरीची, म्हणजे पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेची, मूळ जबाबदारीच ती. बेटावरची जी घरं ख्रिस्ती झाली, त्यांतले गावकर त्याच जुन्या गावकरांचे वंशज. म्हणजे देव गेला तरी देवाचे यजमान बहुतेक इथेच राहिले.

तळ्याची वाट विचारायला एका घरापुढे थांबलो. ओसरीवर एक म्हातारी बाई मिरच्या निवडत होती.

“मांय, कोटितीर्थाची तळी खंय?”

“खंयच्यान आयला रे पुता?”

“सांखळेच्यान.”

“मागीर देवाक भेटून आयला न्हय?” असं म्हणून तिने हाताने वाट दाखवली. अलीकडे देवाला भेटल्याशिवाय पलीकडे येऊ नये, हा क्रम तिला ठाऊक होता. तिच्या दारात क्रूस होता, क्रूसापुढे झेंडूची फुलं होती.

कोटितीर्थ म्हणजे चिऱ्यांनी बांधलेलं जुनं तळं. काठाच्या भिंतीत कोनाडे आहेत. त्यांत पूर्वी देव असणार. चिऱ्यांच्या फटींतून झाडांनी मुळं घातली आहेत, काही ठिकाणी मुळांनीच भिंत धरून ठेवली आहे, काही ठिकाणी तिला फोडलं आहे. पाणी हिरवं. देऊळ जिथे उभं असेल तिथे आता रान आणि माती. राज्य सरकारने या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला आहे. पण जाऊन पाहणाऱ्याला काय पाहतो आहोत हे नीट सांगणारं काहीच हाताशी नसतं. मी काठावर बराच वेळ बसलो. अष्टमीच्या स्नानाला लोक मुळात याच बेटावर येत. पोर्तुगीज अमलात इथे येणं अशक्य झालं तेव्हा ते समोरच्या काठावर उभे राहून त्याच पाण्यात उतरू लागले, असं सांगतात. आजही आम्ही ज्या पाण्यात अष्टमीला डुबकी मारतो ते याच बेटाला वळसा घालून वाहतं.

तिथे मला ग्रीसमधलं डेलॉस बेट आठवत होतं. एजियन समुद्रातलं सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचं, खडकाळ, जवळपास झाडं नसलेलं बेट. अपोलो आणि आर्टेमिस यांचा जन्म तिथला, अशी ग्रीकांची श्रद्धा. अथेन्सने इसवी सनापूर्वी ४२६ च्या सुमारास ते बेट पवित्र करायचं ठरवलं: सगळ्या कबरी उकरून अस्थी समोरच्या र्‍हेनिया बेटावर नेल्या आणि पुढे डेलॉसवर कुणी जन्मू नये, कुणी मरू नये असा नियम केला. बाळंतिणी आणि मरणासन्न माणसं होडीतून समोर नेत. काही वर्षांनी तर तिथल्या रहिवाशांनाच बाहेर काढलं. नंतर रोमच्या काळात ते करमुक्त बंदर झालं, गुलामांचा मोठा बाजार तिथे भरे, आणि इजिप्तच्या इसिसपासून सीरियाच्या देवांपर्यंत सगळ्यांची देवळं आणि ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळही तिथे उभं राहिलं. इसवी सनापूर्वी ८८ मध्ये मिथ्रिडॅटीसच्या सैन्याने आणि ६९ मध्ये समुद्री चाच्यांनी ते लुटलं. त्यानंतर हळूहळू ते ओस पडलं. आज तिथे राखणदार आणि उत्खनन करणारे सोडले तर कुणी राहत नाही. मिकोनॉसहून होडीने जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. रात्री थांबायला बंदी. १८७० च्या दशकापासून फ्रेंच अभ्यासकांनी तिथे खणायला सुरुवात केली, ते काम आजही चालू आहे. १९९० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं.

डेलॉसवरून माणसं समोरच्या बेटावर गेली आणि देव राहिले. दिवाडीवरून देव समोरच्या काठावर गेले आणि माणसं राहिली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. डेलॉसचं पवित्र तळं, ज्याच्या काठी नॅक्सॉसकरांनी वाहिलेले संगमरवरी सिंह बसले होते, ते १९२० च्या दशकात हिवतापाच्या भीतीने आटवून टाकलं. तिथे आज कोरडी खोलगट जागा आणि एक खजुराचं झाड आहे. आमच्या कोटितीर्थात पाणी आहे. पण डेलॉसला खणून काढलेल्या भिंतींची, घरांच्या फरशांची तपशीलवार नोंद छापली गेली आहे. कोटितीर्थाच्या भोवती जमिनीखाली काय आहे हे शोधायला रीतसर, मोठ्या प्रमाणावर खणणं अजून व्हायचं आहे.

डेलॉससारखं, वस्ती नसलेलं जुनं बेट गोव्यालाही आहे. कारवारजवळचं अंजदीव. वास्को द गामा परतीच्या वाटेवर १४९८ मध्ये तिथे थांबला, आल्मेदाने १५०५ मध्ये किल्ला बांधला, आणि मुंबईचा ताबा घ्यायला आलेले अब्राहम शिपमनचे इंग्रज सैनिक १६६० च्या दशकात तिथेच अडकून तापाने शेकड्यांनी मेले, शिपमनही त्यांतलाच. १९६१ च्या डिसेंबरात ते घेताना भारतीय नौदलाचे जवान धारातीर्थी पडले. आता ते नौदलाकडे आहे आणि सहजासहजी जाता येत नाही. म्हणून मला दिवाडीच जवळची वाटली. तिथे जायला परवानगी लागत नाही, लागते ती फक्त फेरीची वाट बघण्याची तयारी.

नार्व्याहून बेटाच्या आत गेलं की पिएदादची टेकडी लागते. वर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं पांढरंशुभ्र चर्च. ते उठावदार आहे, आणि त्याचा आराखडा एका गोमंतकीय पाद्रीने केला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं. इथे पूर्वी गणपतीचं देऊळ होतं. तोच गणपती आज खांडोळ्याला आहे. चर्चच्या मागे दफनभूमी आणि तिच्यात एक लहानसं चॅपेल. आत जाऊन वर पाहिलं तर छत कोरीव दगडाचं आहे, कदंबकाळच्या देवळाचं. कुणीतरी ते फोडलं नाही. वर नक्षी, खाली मृतांसाठीची प्रार्थना. मी उभा होतो तेव्हा एक माणूस आपल्या वडिलांच्या कबरीवरचं गवत काढत होता. छताबद्दल विचारलं तर तो थांबून म्हणाला, हे आमच्या आधीच्यांचं. त्याने हिंदूंचं किंवा देवळाचं असं काही म्हटलं नाही.

टेकडीवरून खाली पाहिलं की बेटाचे वाडे, शेतं आणि पलीकडे ओल्ड गोव्याची शिखरं दिसतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदाद गावात बोंदेरा हा उत्सव भरतो. वाड्यांच्या हद्दीच्या भांडणांत पोर्तुगीजांनी रोवलेली निशाणं लोक पाडून टाकत, त्याची ही आठवण. पोरं बांबूच्या फोटाशीत फळं भरून एकमेकांवर उडवतात. हद्दी, निशाणं, भांडणं आणि मग एकत्र नाच: दिवाडीला हा सराव जुना आहे.

मार्च २०२२ मध्ये गोवा सरकारने पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी अर्थसंकल्पात २० कोटी रुपये ठेवले. तेव्हापासून दिवाडीच्या मूळ जागेचं नाव चर्चेत येतं. सप्तकोटेश्वरावर माझी श्रद्धा आहे, म्हणून या विषयावर मी स्पष्ट बोलणार. देवाला नवं देऊळ लागत नाही. त्याचं देऊळ नार्व्याला आहे, शिवरायांनी बांधायला काढलेलं, आणि तिथे रोज पूजा होते. कोटितीर्थाला लागतं ते वेगळं. आधी पुरातत्त्वाचे जाणकार यावेत. तळ्याच्या भिंतींचं मोजमाप व्हावं. भोवतालच्या जमिनीखाली देवळाचा पाया सापडतो का ते पाहावं. चॅपेलचे अवशेषही तितक्याच काळजीने नोंदावेत, कारण तेही आता साडेचारशे वर्षांचे आहेत. यात एकदा काँक्रीट ओतलं की पुन्हा काही वाचता येणार नाही.

आणि दिवाडीच्या लोकांना सोबत घेऊन हे व्हावं. कुंकळ्ळीला दर वर्षी शांतादुर्गेच्या छत्रोत्सवात ख्रिस्ती गावकर आपला मान घेतात, कारण मूळ वांगडांचे, म्हणजे गावकर घराण्यांचे, ते वारस आहेत. दिवाडीच्या गावकऱ्यांचा कोटितीर्थावरचा हक्क तसाच आहे. बाहेरून येऊन त्यांच्या गावात काही उभारायचं आणि त्यांना पाहुण्यासारखं बाजूला ठेवायचं, हे त्या होडीतल्या माणसांनाही आवडलं नसतं. त्यांनी देव नेला तेव्हा शेजाऱ्यांनी डोळेझाक केली असणार, म्हणूनच तो पोचला. कुणी एकानेही चुगली केली असती तर नार्व्याला आज देऊळ नसतं.

लगेच करता येण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला फार पैसा नको. बेटावरच्या घरांच्या जोत्यांत, कुंपणांच्या भिंतींत, विहिरींच्या काठांना जुन्या देवळाचे दगड असणार. साखळी, डिचोली, म्हापसा, पणजीच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाडा वाडा फिरून, घरमालकांना विचारून, प्रत्येक दगडाचा फोटो आणि माप घ्यावं आणि यादी दिवाडीच्या पंचायतीकडे, चर्चकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे ठेवावी. त्या मुलांनी नार्व्याच्या धक्क्यावरूनच बेटावर जावं, म्हणजे देवळावरून जाणं होईल. दफनभूमीतल्या चॅपेलच्या छतापासून सुरुवात करता येईल. त्या दगडांवरची नक्षी स्पष्ट आहे, आणि इतर तुकडे ओळखायला तिचा नमुना उपयोगी पडेल.